ठकीच्या आईचा ताप

पडदे शिवायच्या कारखान्यात तिला सगळे ठकीची आईच म्हणत. ठकी चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, हाक मारली तरी वळून बघत नव्हती. डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली. तेव्हापासून आईच्या मनाने एकच घेतलं होतं. ठकी पोटात असताना तिने डोकेदुखीवर पॅरासिटामॉल घेतली होती, आणि त्या गोळीने मुलं अशी होतात असं कुणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं. ते तिने जिवाला लावून घेतलं, पण बोलली कुणाशीच नाही.

पुन्हा दिवस राहिले. पाचव्या महिन्यात तिला सणसणून ताप भरला. नवऱ्याने गोळी पुढे केली, तर तिने तोंड फिरवलं.

"एकीचं वाटोळं केलं, तेवढं पुरे!"

नवरा चपापलाच. इतके दिवस ही बाई एवढं ओझं उरावर घेऊन हिंडतेय आणि आपल्याला पत्ताच नाही! वाद न घालता त्याने तिला सरळ दवाखान्यात नेलं.

तिथल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "काही अभ्यासांत तसा संबंध दिसला होता खरा. पण नंतर सख्ख्या भावंडांची तुलना केली, एकाच्या वेळी आईने गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. तेव्हा तो फरक काही उरला नाही. ऊठसूट खाऊ नये, आम्हाला विचारून गरजेपुरती घ्यावी. पण असा ताप अंगावर काढलास तर बाळाला धोका होऊ शकतो."

"म्हणजे ठकी माझ्यामुळे...?"

"नाही गं, तुझ्यामुळे नाही."

तिला रडूच कोसळलं. नवरा पाण्याचा पेला घेऊन उभा राहिला. "जरा आवर, आधी गोळी गीळ," म्हणाला, आणि स्वतःच डोळे पुसायला लागला.

ताप उतरला. ठकीला बोलायला शिकवणाऱ्या ताई कधीपासून सांगत होत्या, लेकीजवळ जमिनीवर बसा, तिच्या खेळात शिरा. आजवर आई अपराध्यासारखी दाराशी बसायची. आता फतकल मारून बसू लागली. ठकी हळूहळू तिच्या मांडीवर रेलू लागली.

पुढे मुलगा झाला. ठकीने त्याचा तळवा निरखून पाहिला, बोट लावलं आणि स्पष्ट म्हणाली, "पाय."

"ऐकलंत का?" आई ओरडली.

त्या दिवशी ठकी दुसरं काही बोलली नाही. पण तेवढ्यावर ते घर आठवडाभर हवेत होतं.