आत बसून विचारणाऱ्या बाई

शाळेसमोरचा एसटीडीवाला त्या दिवशी परिपाठ चालू असताना फाटकातून आत आला आणि व्हरांड्याच्या कडेला चपला काढून उभा राहिला. प्रार्थना संपेपर्यंत तो बोलला नाही. त्याच्या त्या गप्प उभं राहण्यावरूनच मला कळलं. "बारामतीवरनं फोन होता, बाई. मोठ्या बाई गेल्या..." एवढंच म्हणाला. मुलं बसायची वाट बघत रांगेत उभी होती आणि त्यांना 'बसा' म्हणायचं मला सुचेना.

आदल्याच रविवारी मी त्यांना दवाखान्यात भेटून आले होते. बोलताना त्यांना धाप लागत होती. मी नेलेली मोसंबी त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईला द्यायला लावली, मग माझं मनगट धरलं आणि विचारलं, "हिराकडं गेली होतीस?" मी म्हटलं, नाही. "जा. ऊस उभा आहे सध्या. मी येत नाही हे त्याच्या ध्यानात आलं असेल आता." पोराबाळांचं, पेन्शनचं, स्वतःच्या दुखण्याचं काही नाही. शुद्धीत असताना त्या माझ्याशी शेवटचं बोलल्या ते हे.

ही हिरा कोण आणि 'तो' कोण, हे सांगायचं तर एक्याण्णवच्या जनगणनेपर्यंत मागं जावं लागेल. कुसुमबाई तेव्हा सणसर भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. मी नुकतीच त्यांच्या हाताखाली रुजू झाले होते. आमचं घर कळंबचं. आजोबांपर्यंत सगळ्यांचा जन्म मेंढरांमागं गेला, वडिलांनी थोडी शेती धरली, आणि बी.ए. झालेली आमच्या घराण्यातली पहिली मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, त्यात लाजायचं काही नाही. शिकलेली म्हणून मला त्या वेळी असंही वाटायचं, की माणसं मोजणं म्हणजे काय, दारात उभं राहायचं, विचारायचं, लिहायचं, पुढच्या घरी जायचं.

तसंच सगळे करत होते. आम्ही शिक्षक प्रगणक, मोठ्या बाई आमच्या पर्यवेक्षक. पहिल्या दोन दिवसांचे कागद बघायला त्या बसल्या आणि बघता बघता त्यांनी चष्मा काढून ठेवला. आमचे एक गुरुजी कौतुकाच्या आशेनं म्हणाले, "बाई, दोन आळ्या उरकल्या." बाई म्हणाल्या, "ते दिसतंय, गुरुजी. तुमच्या दोन आळ्यांत एकही बाई काम करत नाही. मग या गावातला ऊस खुरपतं कोण? भुतं?"

गुरुजींनी खोटं लिहिलं नव्हतं. ओट्यावर खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, घरातला बाप्या समोर बसायचा आणि सांगायचा. बायको काय करते? "काय न्हाय, घरीच असती." बायकोचं नाव? तेसुद्धा तो घ्यायचा नाही. "लिवा की, आमची मंडळी." आत जी असायची ती नवऱ्याचं नाव तोंडातून काढायची नाही, तिच्या वतीनं पोरं ओरडून सांगायची. बायकांनी घरच्या शेतात बिनपैशानं केलेलं कामही काम म्हणून धरा, असं त्या वर्षी प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण सांगणाऱ्यानं ते इतक्या घाईत वाचलं होतं, की ऐकणाऱ्यांनीही ते तिथंच सोडून दिलं.

मोठ्या बाईंनी ते सोडलं नाही. त्यांच्या कापडी पिशवीत एक बसकर असायचं, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांचं, गोधडीसारखं शिवलेलं. ओट्यावरची खुर्ची त्या कधी घ्यायच्या नाहीत. "मला खाली बसायची सवय आहे," असं म्हणत सरळ आत जायच्या, चुलीजवळ बसकर टाकायच्या आणि भाकरी थापणाऱ्या बाईला विचारायच्या, "सकाळपासनं काय काय केलंत?" काम करता का, असं त्यांनी कधीच विचारलं नाही. आणि ती बाई म्हणायची, "काय केलं न्हाय वो. शेण काढलं, धार काढली, सरीत पाणी सोडलं, गवताचा भारा आनला, आता ह्या भाकऱ्या... दुसरं काय न्हाय."

आमच्या घरीही त्या आल्या. वडिलांनी आईबद्दल तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, "आबा, मेंढरं कोण वळतं?"

"तीच की."

"मग ते काम नव्हे?"

"आता तिचीच मेंढरं हायती ती. सोताच्या मेंढरामागं फिरायला काम म्हनत्यात व्हय?"

आई दारात उभी होती. ती हसली, पण वडिलांकडं बघून नव्हे. बाई लिहीपर्यंत ती तिथून हलली नाही.

तोवर हे सगळं मला मजेचं वाटत होतं. लासुर्ण्याच्या रानात, वस्तीपासून लांब, हिराबाईचं घर होतं, तिथं ती मजा संपली. दोन्ही बाजूंनी ऊस, मधून बैलगाडीपुरती वाट. हिराबाई विधवा. पदरात एक मुलगी, संगीता. नवऱ्यामागं जमीन तीच कसत होती. शेजारच्या घरात तिचा दीर, त्याला सगळे आप्पा म्हणत. आप्पांनी वाटेतच आम्हाला गाठलं. "एकच घर हाय बाई ते. कुटुंबप्रमुख मीच. माझ्यात लिवून टाका."

बाईंनी विचारलं, "चूल वेगळी आहे ना? चूल वेगळी, तर कुटुंब वेगळं." आणि त्या आत जाऊन बसल्या.

कुटुंबप्रमुख कोण, म्हटल्यावर हिराबाईनं भिंतीवरच्या फोटोकडं हात केला. फोटोला हार होता. "हे."

"अगं, पण ते तर..."

"व्हय. पन घर तेंचंच हाय की."

बाईंनी घाई केली नाही. बियाणं कोण आणतं? मी. पाण्याची दारं कोण धरतं? मीच. पोरीला शाळेत कोणी घातलं? मीच वो बाई. मग घर कोण चालवतं? हिराबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग तोंडावर पदर धरून हसली. "मग... मीच की." मी शेजारी बसून तेच लिहिलं. कुटुंबप्रमुख हिराबाई, काम शेती. लिहिताना मला उगीचच अभिमान वाटला.

बाहेर आप्पा उभेच होते. त्यांनी आवाज चढवला नाही, उलट जास्तच मऊ केला. बाईंनी त्यांना समजावलं, की हा कागद कुठल्या कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, याचा सातबाऱ्याशी काही संबंध नाही. आप्पा म्हणाले, "कुटंच चालत न्हाय, तर मग लिवता कशाला?"

"देशात किती बायका एकटीनं घर ओढतात, ते कळायला नको?"

"कळून?" आप्पांनी विचारलं आणि वाटेकडं हात केला. मग ते म्हणाले, "सांभाळून जावा, बाई. वाट एकटी हाय. दोन्ही अंगाला ऊस उभा हाय."

आमच्याकडं सरकारी माणसानं काही लिहिलं, की तो सातबाराच, असा समज पक्का. आठवड्याच्या आत गावभर झालं, की मोठ्या बाईंनी हिराबाईच्या नावावर जमीन केली. पुढं मुलींना वाटा देणारा कायदा आला, त्याच्या गोष्टी पारावर होऊ लागल्या, आणि त्या समजाला बळच आलं. मग एकेक गोष्ट कानावर यायला लागली. हिराबाईच्या पाण्याच्या मोटारीची वायर कुणी तोडून नेली. कारखान्याची ऊसतोड सगळ्यांची झाली तरी तिचा फड तसाच, तुरे येऊन वाळेपर्यंत. तिच्या वाटेवर बाभळीची काटी पडलेली असायची. आमच्या भागात वाटेवर काटी टाकली, की वाट बंद, हे कुणाला सांगावं लागत नाही. ती उचलली, तर दुसऱ्या दिवशी दुसरी. सातवी होऊन संगीता शाळेतून निघाली आणि आप्पांनी पुढाकार घेऊन तिचं लग्नही लावून दिलं. कुणी कुणाला मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. तक्रार करावी असं काही घडतच नव्हतं. मी एकदा बाईंना म्हटलं, हे आपल्या लिहिण्यामुळं कशावरून? आधीपासूनच त्यांच्या मनात असेल. बाई म्हणाल्या, "असेलच. पण आपण त्यांना निमित्त दिलं... आणि तिला दिलं काय? एक रकाना. तोही तिला बघता येत नाही."

सहा-सात वर्षांनी दारिद्र्यरेषेचं सर्वेक्षण निघालं. बाईंची निवृत्ती जवळ आली होती, तरी लासुर्णे त्यांनी मागून घेतलं. मी बरोबर होते. वाटेवर काटी होती, ती आम्ही बाजूला केली. बसकर टाकून बाई चुलीजवळ बसल्या. या खेपेला आप्पाही आत आले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. कुटुंबप्रमुख कोण, असं विचारताच हिराबाई म्हणाली, "आप्पा."

"आणि तुम्ही काय काम करता?"

"काय न्हाय. घरीच असते."

तिच्या हाताला उसाच्या पाचटानं चिरा पडल्या होत्या. काही ओल्या होत्या. बाई त्या हातांकडं बघत राहिल्या. आप्पा दारातून म्हणाले, "लिवा की, बाई. तिनंच सांगितलं. तुमी आत बसून इचारलं, तिनं सांगितलं."

नियम असा, की सांगतील ते लिहायचं. बाईंनी ते लिहिलं. त्यांचं अक्षर इतकं वाकडं मी कधी पाहिलं नव्हतं. आप्पा चहा सांगायला वळले तेवढ्यात हिराबाई पाण्याचा तांब्या घेऊन वाकली आणि ओठ न हलवता बोलावं तसं बोलली, "बाई, तुमी लिवून जाता. मला हितं ऱ्हायाचं हाय."

परतीच्या वाटेवर एसटीत बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बरोबर बोलली. आपण लिहून निघून येतो."

पुढच्या रविवारी त्या एकट्याच लासुर्ण्याला गेल्या. कसलं सर्वेक्षण नव्हतं. पिशवीत कागद नव्हते, नुसतं बसकर. हिराबाईच्या चुलीजवळ बसल्या, शेंगा सोलू लागल्या, चहा घेतला आणि उन्हं उतरल्यावर निघाल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही गेल्या. असं त्या जातच राहिल्या. निवृत्तीनंतर बारामतीला मुलाकडं राहायला गेल्या तरी रविवारची एसटी चुकली नाही. मुलगा चिडायचा, "आई, त्या बाईचं आणि आपलं नातं काय?" तर म्हणायच्या, "मी तिची मोजणी चुकवलीय." मला हे पटायचं नाही. मी तोंडावर सांगितलं, की एका घरात जाऊन बसल्यानं काय होणार, त्यापेक्षा तहसीलदारांकडं अर्ज करू. त्या म्हणाल्या, "अर्ज तू कर. मी बसते." अर्ज मी केला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे. पण रविवारी वाटेवरची काटी बाजूला झालेली असायची, हे मी स्वतः पाहिलं. मोटारीची वायरही पुन्हा गेली नाही. गावातल्या निम्म्या माणसांना अक्षरं त्यांनीच शिकवली होती, त्यांच्यादेखत काही करायला आप्पांना जड जात असावं. त्या काही बोलायच्या नाहीत. बसायच्या. आजारी पडल्या आणि ते रविवार थांबले.

दहाव्याला हिराबाई आली नाही. मी वाट बघितली. मग परवाच्या रविवारी मीच गेले. ऊस डोक्याच्या वर गेलाय आणि वाट आणखी अरुंद झालीय. तोंडाशीच काटी होती, नुकती तोडलेली, पानं अजून हिरवी. ती ओढून कडेला करते तोच उसातून आप्पा बाहेर आले. केस पिकलेत, आवाज तसाच मऊ. "मोठ्या बाई गेल्या म्हनं. लई वाईट झालं. आता कोन यायचं हिकडं?"

मी म्हटलं, "मी आलेय की."

"तुमी कामाचं मानूस. तुमाला कुटं सवड." आणि मग, मला वाटलंच होतं, "जपून जावा. वाट एकटी हाय."

हिराबाई वाळून गेलीय. मला बघून ती रडली नाही. दहाव्याला का आली नाहीस, असं मी विचारणार होते, पण तिनंच आधी सांगितलं, "घर उघडं टाकून कशी येऊ? माघारी येऊस्तवर कुलूप दुसऱ्याचं असतं." चुलीच्या उजव्या अंगाला, भिंतीलगत, बाईंचं बसकर अंथरलेलं होतं. त्यांना दवाखान्यात ठेवायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी त्या ते तिथंच ठेवून गेल्या होत्या. हिराबाई ते रोज झटकते, पुन्हा तिथंच टाकते. त्यावर कुणी बसत नाही. मी दारात घुटमळले, तर ती म्हणाली, "बसा की. दारात नगा उभ्या ऱ्हाऊ."

मी बसले. तिनं आधण ठेवलं. आता थोड्याच दिवसांत पुढच्या जनगणनेची तयारी निघेल, पुन्हा प्रशिक्षण होईल, पुन्हा कुणीतरी ते वाक्य घाईत वाचेल. हे घर माझ्याकडं आलं, तर हिराबाई काय सांगेल, हे मी तिला विचारलं नाही. ते आज विचारायचं नव्हतं. आम्ही शेंगा सोलल्या. मधेच तिनं विचारलं, "शेवटाला लई तरास झाला का वो बाईंना?" मी खरं ते सांगितलं. बाहेर कुणीतरी दोनदा खाकरलं आणि लांब गेलं.

निघाले तेव्हा काटी पुन्हा वाटेवर आडवी होती. मी आत असतानाच कुणीतरी ती आणून टाकली होती. मी ती उचलली, हाताला काटे लागले, तरी वाटेपासून चांगली लांब नेऊन टाकली. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि वारा नसताना कुठंतरी आत पाचट वाजत होतं. मागं वळून पाहिलं तर हिराबाई दारात उभी होती. बसकर मी आणलं नाही. तिच्या चुलीजवळच ठेवून आलेय... येत्या रविवारी बसायला लागेल.