कोपऱ्यातलं थंड मशीन

उजव्या हाताची पालथी बोटं संगणकाच्या डब्यावर टेकवायची, डोळे मिटून जरा थांबायचं आणि मग म्हणायचं, "सर, कणकण हाय हिला." ही मामांची रोजची तऱ्हा.

मानवतच्या आमच्या शाळेत ते शिपाई होते. शाळेचा शिपाई सगळ्यांचाच मामा असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या मामांकडे संगणक कक्षाची किल्ली होती. सकाळी पेडगावहून एसटीनं यायचे, दहाही मशिनींवरची कापडी झाकणं उतरवून घड्या करून कपाटात ठेवायचे आणि मगच झाडू हातात घ्यायचे. झाकणं मामींनी जुन्या गणवेशांच्या कापडातून शिवलेली. काहींना खिसे तसेच राहिले होते. मी एकदा चेष्टेनं विचारलं, खिशात काय ठेवता? तर म्हणाले, "मशीनचं मशीनलाच ठावं."

संगणक शिकवायला मी. जुन्या डब्यांवर संगणक चालवणारं लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर मीच टाकलं. एकतर फुकट मिळतं, आणि खरं सांगायचं तर मला येतं हे सगळ्यांना दिसावं म्हणूनही. पहिल्याच मशीनचा पडदा काळा राहिला. इंटरनेटवर शोधून, मशीन सुरू होताना चालणाऱ्या आज्ञेत एक शब्द घातला, तेव्हा कुठे पडदा उजळला. मग तोच शब्द आणखी आठ मशिनींत ठोकून दिला. त्यांना त्याची गरज आहे का, हे बघायचे कष्ट कोण घेतो? दहावं मशीन तेव्हा परभणीला दुरुस्तीला गेलं होतं. त्यात लिनक्स तिथल्याच माणसानं घालून दिलं. ते आम्ही कोपऱ्यात ठेवलं.

टायपिंग झकास चालायचं. पण विज्ञानाचा व्हिडिओ लावला की पंखा बोंबलायला लागायचा, चित्र अडखळायचं आणि आवाज एकटाच पुढे निघून जायचा. प्रोसेसरवरच्या भाराचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटून बसायचा. मशिनी म्हाताऱ्या झाल्यात, असं मी मुलांना ठोकून देत असे.

मामांना ते पटलं नसावं. चार दिवस ते एकेका डब्याला हात लावत फिरत होते. मग एका मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आले.

"सर, टायपिंगला समद्या थंड ऱ्हातेत. पिक्चर लावला की तापायलेत. अन् ती कोपऱ्यातली तोच पिक्चर लावून बी थंडच हाय. तिच्यात काय येगळं केलंय, तेवढं बघा की."

आता तुम्हीच सांगा, याहून नेमकं निदान कोणता इंजिनिअर करणार होता? आजारी मशीन आणि धडधाकट मशीन शेजारी ठेवून फरक बघा, एवढंच तो माणूस सांगत होता. मी म्हणालो, "मामा, तुम्ही झाडून घ्या. हे तुमचं काम नाही." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन मामांची नक्कल करून दाखवली. सगळे पोट धरून हसले. नोटिशीची वही घेऊन मामा दारातच उभे होते.

पुढे तपासणी लागली. साहेब आले, संस्थेचे अध्यक्षही आले. मी रक्ताभिसरणाचा धडा लावला. पडद्यावरचं हृदय दोनदा धडधडलं आणि थांबलं. आवाज मात्र चालूच. साहेबांनी विचारलं, हे असं का होतं? माझ्या तोंडातून निघून गेलं, "शिपाई झाकणं घालून ठेवतात, साहेब. हवा लागत नाही. मशिनी आतून जळाल्यात."

झाकणं रोज सकाळी निघतात हे अख्ख्या शाळेला माहीत होतं. साहेबांनी मात्र ते वहीत लिहून घेतलं. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

नोकरी कंत्राटी होती. कायम होण्याच्या ऑर्डरची ते कितीतरी वर्षं वाट बघत होते. महिनाअखेरीस त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. किल्ली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "मला ठावं नव्हतं बगा, सर. तुमी आधी सांगितलं असतं तर झाकणं घातलीच नसती." ते रागावून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांनी माझं खोटं खरं मानलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत कक्षात मी एकटाच होतो. कोपऱ्यातलं मशीन उचलून दुसऱ्याशेजारी ठेवलं, दोन्हींवर तोच धडा लावला आणि सगळं ओळीओळीनं ताडून पाहिलं. माझाच शब्द सापडला. त्या शब्दानं चित्राची चिप हातावर हात ठेवून बसली होती आणि बिचारा प्रोसेसर एकटा सगळं ओढत होता. शब्द काढला, मशीन पुन्हा सुरू केलं. हृदय सरळ धडधडत राहिलं, पंखा गप्प झाला. पहिल्या मशीनवर लिनक्सची नवी आवृत्ती टाकल्यावर त्याचा पडदाही त्या शब्दाशिवाय उजळला; तासाभरात नऊही मशिनी बऱ्या झाल्या. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि मी निर्लज्जासारखा हसलो.

पेडगावला जाऊन हे सांगायचं मी दरवर्षी ठरवलं. पेडगाव काय लंडनला आहे? पण तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. गेलो तो मामा वारल्यावर, बसायला.

मामी म्हणाल्या, शाळा सुटल्यापासून त्यांनी मशीन म्हणून कशालाच हात लावला नाही. मोबाइल नको, टीव्ही नको. कूलरचं बटणसुद्धा मामींनाच दाबायला लावायचे. म्हणायचे, "माझ्या हातानं जळंल."

मग मात्र मला राहवलं नाही. आलेल्या चार माणसांदेखत मी सगळं सांगितलं. शब्द माझा, चूक माझी, खोटंही माझंच. मामींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी त्यांचं बरुबर होतं?"

"हो."

"मग हे त्यांना सांगायचं होतं की, सर."

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि सुनेला हाक मारून सरांना चहा द्यायला सांगितलं. तो चहा मी प्यालो.