मॅप खोटं बोलतो

मी खालापूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. लाल पेन घरीही काढतो, ही माझी जुनी खोड. आमच्या गावी, पोशीरला, घरामागे दोन खोल्या बांधून बायकोनं पाहुणे ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून पाहुण्यांना जाणारे तिचे मेसेज माझ्या हाताखालून जायचे. 'यू पीपल हॅज टू कम हंग्री', असं ती लिहायची. मला त्याची लाज वाटायची. कधी बोललो नाही, आज लिहितो.

श्रावणात एक जोडपं यायचं होतं. तिनं लिहिलं, 'मॅप इज लाय. डोन्ट लिसन मॅप. आफ्टर टेंपल आस्क एनीवन माय नेम.' व्याकरण पार आडवं पडलेलं. ते उभं करण्याच्या नादात ती काय सांगतेय हे मी वाचलंच नाही. माझा रोजचा रस्ता, मी कशाला मॅप बघतोय? 'प्लीज फॉलो द मॅप', असं निर्दोष वाक्य पाठवून दिलं.

मॅपनं गाडी थेट भाताच्या खाचरात घातली. माझ्या चुलतभावानं ट्रॅक्टर लावून ओढली. गुडघाभर चिखल घेऊन दोघं ओटीवर आली. बाई तडकल्याच, "मॅप फॉलो करा, असं तुम्हीच लिहिलं होतं ना?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेल आणायला आत गेलो.

बाहेरून तिचा आवाज आला, "चुकलं ताई. माझं इंग्लिश कच्चं हाय."

आजवर तिच्या नावावर लागलेल्या सगळ्या चुकांत ही तेवढी तिची नव्हती.

जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. शेवटी म्हणालो, "तो मेसेज माझा होता. हिनं बरोबर लिहिलेलं, मी बदललं."

"आता सांगताय? मघाशी टावेल शोधत बसलेलात!" बायको हसली आणि फोनवरचं आपलं मूळ वाक्य तिनं ताईंपुढे धरलं. "वाचा. मास्तरांचा हात लागायच्या आधीचं हाय."

वाचून हसता हसता ताईंना ठसका लागला. "अहो, हे लगेच कळलं असतं की आम्हाला!"

तेवढ्यात पुढच्या पाहुण्यांनी मेसेज करून रस्ता विचारला. ती तिथंच बसून टाइप करायला लागली.

"दाखव तरी," मी म्हणालो.

"नाय. तुमी ताईंना बिरडं वाढा."

मी वाढलं. तिनं मेसेज पाठवूनही टाकला होता.