पोटदुखीचं हैदराबाद

लग्नाला सहा वर्षं झाली तरी आम्ही दोघं असे कुठे गेलो नव्हतो. गेलो ते लग्नांना आणि बारशांना, आणि तिथे गेलं की मी पोळ्या लाटायला, हे मांडवातले पंखे जोडायला. मोटार वाइंडिंगचं दुकान असलेल्या माणसाला कोणी पाहुणा म्हणून बसू देत नाही. म्हणून मी हट्टच धरला. शनिवार-रविवार हैदराबाद! मुकुटबनहून आदिलाबाद, तिथून रेल्वे. चारमिनारजवळ बांगड्या घ्यायच्या आणि गोवळकोंड्याच्या दरवाजात उभं राहून टाळी वाजवायची. ती म्हणे थेट किल्ल्याच्या माथ्यावर ऐकू येते. आमच्या घरात माझी हाक बाजूच्या खोलीत ऐकू येत नाही, त्यामुळे मला त्या टाळीचं भारी अप्रूप होतं.

बेत ठरला, पण लोकांना सांगायचं काय? कापसाची ती वाईट वर्षं. भाव पडलेला, उरलंसुरलं बोंडअळीच्या पोटात. ओट्यावर बसलेली माणसं बोलायचीसुद्धा हळू.

"लोकाइच्या वावरात अळी अन् आपण चारमिनार पाहाले चाललो, असं सांगू का?" हे म्हणाले. मग तोडगाही यांनीच काढला. "हिच्या पोटात दुखते, हैदराबादले दाखवून आणतो, असं सांगतो."

"माह्याच पोटात काहून? तुमच्या दुखू द्या."

"मी दुकानात चारचौघात भजे खातो. कोण मानीन?"

संध्याकाळपर्यंत माझं पोट गावभर झालं. एकीने खडा सांगितला, दुसरीने आतडं. तिसरीच्या मावशीला अगदी असंच झालं होतं आणि ती गेली, हे तिने माझ्या उशाशी बसून सांगितलं. जन्मात कधी मला "बस" न म्हणालेल्या सासूबाई म्हणाल्या, "तू पडून राह्य. मी करतो सैपाक." मला सुख वाटलं, पण ते जेवणापर्यंतच टिकलं. घरात वांग्याचं भरीत, कांद्याची पात, कळण्याची भाकर, आणि माझ्या ताटात बिनमिठाचा मऊ भात. हे माझ्यासमोर बोटं चाटत होते. मला इतका राग आला की खरोखर पोटात दुखायला लागलं.

निघायच्या आदल्या दुपारी शेजारच्या काकू आल्या. आमचं आणि त्यांचं नळावरून वाकडं होतं, त्यामुळे मी आधीच कण्हायला लागले. त्यांनी दार लोटलं आणि माझ्याजवळ बसल्या.

"मलेबी घेऊन चाल पोरी. लई दिवस झाले, अंगावरून जाऊन राह्यलं, थांबतच नाही. पोराले कसं सांगू? कापसापायी त्याचं डोकं आधीच ठिकाणावर नाही. तुह्या सोबतीले जातो म्हणून सांगतो घरी."

मी हो म्हणाले. त्या गेल्यावर गोधडीत तोंड खुपसून रडले. खोटं कशाला सांगू, काकूंसाठी नाही, गोवळकोंड्यासाठी रडले. यांना सांगितलं तर हे नुसते डोकं खाजवत बसले.

शनिवारी सकाळी हैदराबादच्या एका दवाखान्यात आम्ही रांगेत होतो. हे बाहेर थांबले. रात्रभर गाडीत काकूंनी मला खिडकीची जागा दिली होती आणि माझ्या पोटावरून हात फिरवत स्वतः अवघडून बसल्या होत्या. आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मरीज कौन है?"

काकूंनी मला पुढे ढकललं. "पहले इसको देखो बाई. इसका जादा है. मेरेको क्या, मैं रुकती."

मला तिथे उभं राहवेना. मी काकूंना धरून खुर्चीवर बसवलं आणि एका दमात सांगून टाकलं. "काकू, मले काही झालं नाही. आम्ही किल्ला पाहाले निघालतो. लाजेपायी पोटाचं सांगितलं."

मला वाटलं, आता नळावरचं सगळं निघणार. काकूंनी पदर सारखा केला आणि त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या.

"मंग माह्यंच पाहा बाई, पण लवकर उरका," त्या हिंदी विसरून म्हणाल्या. "पोरीले किल्ला पाहाचा आहे."

मी पुन्हा रडले, आणि या वेळी काकूंसाठी.