एकदाच विचारलं

कोकिळा भोयर अल्लीपूरची, शेतकऱ्याची लेक. नागपुरात कॉम्प्युटर शिकली आणि १९८८ साली समुद्रपूर रस्त्यावरच्या कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीत लागली. तिथं रोज सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबायचं काम चपराशी नत्थू मडावीकडे होतं. कामात चोख माणूस, पण बोलायला अंमळ सावकाश. काही विचारलं की आधी हातातलं खाली ठेवणार, मग उत्तर देणार.

थंडी पडली आणि पंचाईत झाली. सकाळी चालू केल्यावर कॉम्प्युटरला त्याला जोडलेली, हिशेब साठवायची टेपच सापडेना. तासाभरानं बंद करून चालू केला की बरोबर सापडायची. नागपूरहून कंपनीचा इंजिनिअर आला, चहा प्यायला, आणि चपराशी बटणं उलटीसुलटी दाबतो असं लिहून मोकळा झाला! शनिवारी मॅनेजर वासुदेवरावांनी नत्थूला बोलावून विचारलं. तो किटली खाली ठेवतोय तोवर म्हणाले, गप्प आहेस म्हणजे कबूल आहे, सोमवारपासून येऊ नकोस.

कोकिळेच्या अंगाचा तिळपापड झाला. नत्थूची बारा वर्षांची नोकरी, अन् चौकशी एवढीच? तिनं कपाटातून ड्रायव्हरचे कागद काढले. ड्रायव्हर म्हणजे टेप आहे की नाही हे कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्राम, त्याच इंजिनिअरच्या कंपनीनं लिहिलेला. अख्खा रविवार ती ओळ न् ओळ वाचत बसली. चूक सापडली तेव्हा हसावं की रडावं तिला कळेना. वीज आली की ड्रायव्हर टेपला एकदाच विचारायचा, आहेस का? गारठलेल्या टेपला तयार व्हायला वीस सेकंद लागत. तेवढा दम कुठला त्याला! लगेच उत्तर आलं नाही की ठरवून टाकायचा मेला, टेप नाही. तिनं त्याला अर्धं मिनिट पुन्हा पुन्हा विचारायला लावलं आणि सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, नव्यानं बांधला.

सोमवारी सकाळी तिनं नत्थूला घरून बोलावलं आणि वासुदेवरावांसमोर त्यालाच बटण दाबायला सांगितलं. थोड्या वेळानं पडद्यावर टेपचं नाव उमटलं. वासुदेवराव म्हणाले, छान झालं, कंपनीला कळवतो. नत्थूबद्दल चकार शब्द नाही!

"ड्रायव्हर मी सुधरवला साहेब," कोकिळा म्हणाली. "आता नत्थूभाऊले पुन्हा विचारा. अन् या वेळी थांबा."

वासुदेवरावांनी विचारलं. नत्थूनं हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. वासुदेवराव थांबले.

"नाई साहेब. मी उलटं काईच दाबलं नाई," तो म्हणाला. "त्या दिवशीबी हेच सांगणार होतो."

वासुदेवरावांनी खाली मान घालून हजेरीचं रजिस्टर त्याच्यापुढं सरकवलं.