कावळा शिवलेले सुभेदार

हंबीरराव सुभेदार निवृत्त झाल्यावर गपगुमान घरी बसले असते तर मलकापूरच्या लोकांनी त्यांना शहाणं म्हटलं असतं. पण साठी ओलांडल्यावर त्यांनी माझ्या दुकानातून गिअरची सायकल घेतली आणि वर मलाही मागं लावून घेतलं. "अजमल, दुकानात बसून तुझं पोट सुटलंय गड्या," म्हणाले. तेव्हापासून दर रविवारी माझे गुडघे त्यांच्या नावानं बोंब मारतात. लोणंद झालं, माधवनगर झालं. आटपाडीकडचा रस्ता मात्र त्यांनी कधी धरला नाही. तिकडं त्यांची थोरली बहीण, मनुबाई, दिलेली.

मनुबाईंचे मालक वारले तेव्हा सुभेदार सीमेवर होते, मातीला पोचले नाहीत. त्यात त्यांचा दोष नव्हता. दोष पुढचा. रजेवर आल्यावरही 'कुठल्या तोंडानं जाऊ' म्हणत ते गेले नाहीत, आणि त्या लाजेवर वर्षांमागून वर्षं साचली. गोळीला न भ्यालेला गडी बहिणीच्या उंबऱ्याला भ्याला. त्या रविवारी मात्र निघताना म्हणाले, "आज आक्काच्या दारात जायचं. घरात घेतलं तर बसायचं, न्हाई तर तसंच माघारी. रंगूला बोलू नगंस, विट्यापतुर चाललोय म्हणून सांगितलंय."

विट्यात चहाला थांबलो. मी मोबाइल उघडला आणि हातातला कप खाली पडला. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर सुभेदारांचाच हेल्मेटमधला फोटो, भोवती फुलांचा हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि ढीगभर जोडलेले हात. मी फोटोकडं बघितलं, मग समोर बघितलं. मयत माणूस मिरचीबरोबर भजी खात होता.  मी मोबाइल नुसता पुढं केला.

"मी?" सुभेदार म्हणाले. 

त्यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या पत्नी रंगूबाई आधी रडल्या, मग सांगू लागल्या. आदल्या दिवशी अंगणात सायकल पुसताना सुभेदारांच्या डोक्याला कावळा शिवला होता. हे मरणाचं लक्षण. त्यावर उतारा एकच. माणूस गेल्याचा खोटा सांगावा रक्ताच्या नात्यात धाडायचा. तिकडचं माणूस रडलं की मरण टळलं, मग लगेच खरं सांगून टाकायचं. आणि रक्ताच्या अशा एक मनुबाईच उरलेल्या.

"सकाळी लावला फोन," रंगूबाई म्हणाल्या, "तर वन्सं रडल्याच न्हाईत. नुसता फोन ठिवला. आता लागतच न्हाई."

मनुबाईंच्या गावातूनच बातमीला पाय फुटून ती आमच्या ग्रुपवर पोचली होती. मी असा भडकलो! "आवं वहिनी, जित्या माणसाला मारता व्हय?" पण सुभेदारांचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. तोंड पांढरंफटक पडलं होतं. "रडली न्हाई," ते म्हणाले. मग एकदम, "लय हळवं काळीज हाय रं तिचं. काय झालं असंल तर?" आणि भजी तशीच टाकून सायकलवर बसलेसुद्धा.

खानापूर मागं पडलं, घाट उतरला, पुढं नुसता माळ. वारा तोंडावर. मेंढरांशिवाय हलतं असं काही नाही. सुभेदार एकदाही थांबले नाहीत, पाणीसुद्धा प्याले नाहीत. माझी छाती फुटायची वेळ आली होती, पण थांबा म्हणायचा धीर होईना.

समोरून माणसं कोंबलेली वडाप जीप आली, आम्हाला ओलांडून गेली आणि करकचून थांबली. तिच्यातून एक म्हातारी उतरली. हातात फडक्याचं गाठोडं.

"आक्का," सुभेदार म्हणाले आणि सायकल रस्त्यातच आडवी टाकली.

मनुबाई जवळ आल्या. त्यांनी तोंड पाहिलं नाही, आधी पाय पाहिले. भुताचे पाय उलटे असतात, हे सरळ होते. मग त्यांनी भावाचा दंड चाचपला, आणि कानाखाली अशी वाजवली की जीपमधली माणसं गप्प झाली.

"आक्का, मला ठावं नव्हतं गं. रंगूनं कावळा शिवला म्हणून…"

"मला रडूच येईना," मनुबाई म्हणाल्या. "सकाळधरनं डोळं कोरडं. हात नुसतं पीठ मळत व्हतं. म्हटलं, माह्यारात आज चूल पेटायची न्हाई, भाकरी तरी न्याव्या."

ते गाठोडं म्हणजे कडू घास होता. माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, तिथं नात्यातल्यांनी न्यायचं जेवण.  मनुबाई रस्त्याच्या कडेला बसल्या, गाठोडं सोडलं. समोर सुभेदार मांडी घालून बसले, पण त्यांचा हात काही पुढं येईना. शेवटी मनुबाईंनीच भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्यांच्या तोंडाशी नेला.

"खा. तुझ्याच नावानं केल्यात."

सुभेदारांनी घास घेतला. आणि मनुबाईंनी हंबरडा फोडला. "माझ्या बंधवा रंऽ" म्हणत, मातीला काढतात तसा पुरा गळा काढला. तो लहानपणी कसा होता, आपल्याला सासरी घालवायला कसा आला होता, मग कसा आलाच नाही, एकेक काढून भर माळावर रडू लागल्या. कुणीच त्यांना गप्प करायला पुढं झालं नाही.

सुभेदार समोर बसून सगळं ऐकत राहिले. तो एवढासा घास गिळायला त्यांना फार वेळ लागला.