नथ डावीकडे, खिसा डावीकडे

दादा गेला तेव्हा मी हैदराबादेतच, तारनाक्याला घरी मेथी निवडत होते. भाच्याचा फोन आला, "आत्या, बाबा गेले..." मेथी तशीच टाकून बरकतपुऱ्याला दादाच्या घरी पोचले. टेबलावर त्याचा स्कॅनर होता आणि शेजारी लोकांच्या स्लाइड्सचे डबे.

निवृत्तीनंतर दादाला हे खूळ लागलं. नात्यातल्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या जुन्या निगेटिव्ह अन् स्लाइड्स गोळा करायच्या, धूळ झटकायची, काचेवर मांडून स्कॅन करायच्या. वहिनी वैतागायची, "घर आहे का गोदाम? नक्को बाई हे डबे!" हा नुसता "हौ, हौ" करायचा. स्लाइड उलटी पडली तर माणूस आरशातल्यासारखा येतो. म्हणून त्याचा नियम होता : बाईची नथ डावीकडे, शर्टाचा खिसा डावीकडे. तसं नसेल तर उलटवायचं.

ह्याच नियमानं तो तोंडावर आपटला. समोरच्या लक्ष्मीअक्कांकडे त्यांच्या आईची एकच स्लाइड होती. दादानं मोठ्या ऐटीत फोटो करून दिला. अक्का बघतच राहिल्या. "भाईसाब, अम्मा है... लेकिन अम्मा नै है." त्यांच्या घरात चमकी उजव्या नाकपुडीत घालतात! दादा असा ओशाळला म्हणून सांगू! "सगळा जन्म हैदराबादेत काढला, आणि दुसऱ्याच्या आईला नथ मात्र आपल्या रीतीनं घातली," म्हणाला. जेवायचं ताट बाजूला सारून त्यानं आधी ती स्लाइड फिरवली.

तेराव्याला भाच्यानं दादाचीच एक जुनी स्लाइड स्कॅन करून फोटो भिंतीवर लावला. फोटोत दादा उघडा, खांद्यावर पंचा. ना नथ, ना खिसा. आम्ही हार घातला, नमस्कार केले. वहिनी मात्र फोटोकडे पाठ करून बसली. मला वाटलं, बघवत नसेल बिचारीला. पुढच्या आठवड्यात गेले तर मला म्हणाली, "वन्सं, हे भांग डावीकडे पाडायचे, फोटोत तो उजवीकडे आलाय. जन्मभर समोर बसून जेवले मी. भिंतीवर कुणी तिसराच आहे हो... त्याच्यापुढं कशी रडू?"

मी उठून दादाच्या टेबलाशी गेले. स्कॅनरला मी कधी हात लावला नव्हता, पण त्याचं बघून बघून माहीत होतं. स्लाइड उलटवून काचेवर ठेवली, झाकण लावलं. यंत्र घरघरलं. पडद्यावर दादा वरून हळूहळू उतरू लागला... केस, भांग, कपाळ, डोळे.

वहिनीनं पदर सावरला. "आलात का?" म्हणाली, आणि मग पोटभर रडली.